नांगर सरकला तेव्हा

मुलगी डायव्हिंग शिकते आहे, हे तिने मला सांगितलं नव्हतं. एका रविवारी आमच्या लंडनमधल्या, पिनरच्या घरामागच्या गार्डनमध्ये, कपडे वाळत घालायच्या दोरीवर, तिचा काळा रबरी सूट लटकलेला दिसला. हात-पाय लोंबणारे, डोकं नाही. किचनच्या खिडकीतून ते पाहून मी हातातला कप सिंकमध्येच ठेवून दिला.

"हे काय आहे?"

"ड्रायसूट. बाबा, तू ओरडू नको हं. मी सहा महिने झाले शिकते. आईला माहितीये."

बायकोने कणीक मळता मळता मान वर केली. "अहो, तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर सहा महिने घरात कुणालाच झोप मिळाली नसती."

 मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. काय काय बिघडू शकतं याच्या याद्या करायच्या आणि ते खरंच बिघडतं का ते पाहायचं. पंचवीस वर्षं हे केल्यावर ती सवय ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. त्यात मी वाढलो नागपूरला. पाणी म्हणजे अंबाझरी तलाव, तोही काठावरून पाहिलेला. पोहता येत नाही. आणि पोरगी, जी मेडनहेडला एका क्लिनिकमध्ये लोकांचे गुडघे आणि पाठी नीट करते, ती शनिवार-रविवारी पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जाणार होती.

मी महिनाभर इंटरनेटवर वाचत बसलो. वाचून भीती कमी होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. शेवटी मी तिला म्हणालो, "मला एकदा बरोबर ने. मी बोटीत बसून राहीन. बोलणार नाही."

ती हसली. "तू? न बोलता?" पण तिने मेडनहेडच्या आपल्या डायव्हिंग क्लबमध्ये विचारलं, आणि क्लबला आनंदच झाला. कारण डायव्हिंग करणाऱ्यांना सगळ्यांनाच खाली जायचं असतं. वर बोटीत कुणीतरी थांबावं लागतं, आणि तो माणूस कधीच मिळत नाही. मला दोन-तीन शनिवार शिकवण्यात आलं. खाली डायव्हर आहेत हे सांगणारा निळा-पांढरा झेंडा केव्हा लावायचा, रेडिओवर काय बोलायचं, बुडबुडे कसे ओळखायचे. दोरीची एक गाठ शिकवली. ती मी घरी डायनिंग टेबलजवळच्या खुर्चीच्या पायाला इतक्या वेळा बांधली की बायकोने ती खुर्चीच बाजूला नेऊन ठेवली.

मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या सुट्टीत आम्ही डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या बंदरातून निघालो. क्लबची रबरी बोट होती. आम्ही सहा जण. चार जण खाली जाणार होते. एक नवरा-बायकोची जोडी, आणि माझ्या मुलीबरोबर तिची नेहमीची जोडीदार, एक उंच नर्स. डायव्हिंगमध्ये एकट्याने जायचं नसतं, दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं असतं. वर राहणार होतो मी आणि बोट चालवणाऱ्या बाई. त्या सत्तरीच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं स्वतः डायव्हिंग केलेलं, मग कानाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खाली जायला बंदी केली. तेव्हापासून त्या बोट चालवतात.

डायव्हिंगची जागा म्हणजे किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरचा, पाण्याखालचा लांबट खडक. वरून काही दिसत नाही. बाईंनी यंत्रावर खोली पाहत दोन-तीन फेऱ्या मारल्या. मग बोट थांबवून नुसत्याच पाण्याकडे बघत राहिल्या.

"काय पाहताय?" मी विचारलं.

"बुडबुडे. खाली दुसऱ्या कुणाचे डायव्हर असले तर? नांगर कुणाच्या डोक्यावर पडलेला मी पाहिला नाही. खांद्याला घासून गेलेला पाहिलाय."

मी घाबरून पाण्याकडे पाहायला लागलो. "मग इथे बांधायला काही कायमचं का नाही? एखादा बोया? वर तरंगणारा, तळाला पक्का बसवलेला, म्हणजे यायचं आणि दोर अडकवायचा."

"ते आम्ही कितीतरी वर्षं विचारतोय," त्या म्हणाल्या आणि मला नांगर सोडायची खूण केली.

साखळी खडखडत खाली गेली, तिच्यामागे दोर. आपल्याकडे शेतातल्याला आणि समुद्रातल्याला एकच शब्द आहे, नांगर. तोवर मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. दोर ताणला गेला, बोट वाऱ्याकडे तोंड करून स्थिर झाली. ठरलं असं, की चाळीस मिनिटं खाली राहायचं, मग नांगराच्या दोरीपाशी परत यायचं आणि तिला धरून हळूहळू वर यायचं. मुलीने मास्क लावला, माझ्याकडे पाहून अंगठा आणि बोट जोडून ओकेची खूण केली आणि मागच्या मागे पाण्यात पडली. कडेला थोडा फेस आला. तोही गेला.

बाईंनी मला एक गोष्ट शिकवून ठेवली होती. बोट जागेवर आहे का हे कळायला किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरायच्या. मी चर्चचा मनोरा आणि त्याच्या पुढचं एक पांढरं घर धरलं होतं. सुरुवातीला मनोरा बरोबर घराच्या धुराड्यामागे होता.

वीसेक मिनिटांनी दोघांच्या मधे आकाशाची एक फट दिसायला लागली.

इथे मला खरं लिहिलं पाहिजे. मी ती फट पाहिली आणि गप्प बसलो. आयुष्यभर घरात, ऑफिसात, मित्रांमध्ये मी हेच ऐकत आलोय की तुला उगाच वाटतं, तुला सगळीकडे संकट दिसतं. मी बोलणार नाही असं मुलीला वचन दिलेलं. बाई शांतपणे थर्मासमधला चहा ओतत होत्या. बोट डोलते आहे म्हणून तसं दिसत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. एखादं मिनिट गेलं, कदाचित दोन. फट रुंद झाली. नांगराचा दोर मधेच सैल पडायचा आणि मग हिसका देऊन ताठ व्हायचा. तो हिसका बुटांतून पायाला जाणवत होता.

"मला वाटतं," मी म्हणालो, "मला वाटतं आपण सरकतोय."

बाईंनी किनाऱ्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं आणि चहा पाण्यात फेकला. तेव्हा मला कळलं की या वेळी मला उगाच वाटलेलं नव्हतं.

वारा वाढला होता. नांगर तळाला धरत नव्हता, फरफटत चालला होता, आणि आम्ही बाजूच्या कड्याखालच्या खडकांकडे ढकलले जात होतो. मला वाटलं त्या आता इंजिन सुरू करतील. त्यांनी किल्लीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"सुरू करा ना!"

"ते चौघं दोरीवर असतील तर? आपल्या खाली दोन मीटरवर असतील तर? इंजिनाचा पंखा फिरवू?"

"मग नांगर वर ओढू या."

"त्या दोरीला धरून कुणी वर येत असेल, आणि आपण तीच ओढली तर?"

मी बोटीच्या पुढच्या टोकावर पालथा पडून खाली पाहिलं. हिरवट पाणी. दोर दोन-तीन हात खाली दिसत होता, मग नाही. बुडबुडे आहेत की लाटांचा फेस आहे, मला सांगता येईना. माझी मुलगी त्या दोरीवर आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि ते कळायचा काहीच मार्ग नव्हता. इंजिन सुरू करणं धोक्याचं, न करणं धोक्याचं, नांगर ओढणं धोक्याचं. ऑफिसात अशा प्रकाराला आम्ही डिझाइनमधली चूक म्हणतो. माणसाने कितीही शहाणपणाने वागलं तरी ज्यातून सुटका नाही, ती चूक माणसाची नसते.

बाईंनी चारेक सेकंदांत ठरवलं. बोटीच्या कडेला मोठे हवा भरलेले फुगे बांधलेले असतात, धक्क्याला घासू नये म्हणून. त्यातला एक त्यांनी सोडून माझ्या अंगावर टाकला. "हा दोराला बांध. बोटीच्या खुंट्याच्या पुढे. मग मी मागून कापते. दोर त्यांच्यासाठी राहील, आपण मोकळे."

मला एकच गाठ येत होती. दोर लोखंडी कांबीसारखा ताठ होता. पहिल्यांदा गाठ सुटली. दुसऱ्यांदा बसली. "नक्की?" त्यांनी विचारलं. आयुष्यात मी कशालाच नक्की म्हटलेलं नाही. "नक्की," मी म्हणालो. त्यांनी सुरी चालवली, दोर फटकन सुटला आणि तो नारिंगी फुगा आमच्यापासून लांब जाऊन लाटांवर उभा राहिला. आम्ही कड्याकडे वाहत राहिलो. खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला तेव्हा कुठे फुगा पुरेसा लांब गेला असं त्यांनी ठरवलं आणि इंजिन सुरू केलं.

मग रेडिओवर त्यांनी कोस्टगार्डला परिस्थिती सांगितली, अगदी शाळेतल्या हजेरीच्या आवाजात. बोट एक, खाली चार जण, अजून वेळ संपलेली नाही, मदत लागली तर सांगते.

पहिली जोडी सात-आठ मिनिटांत वर आली, भलत्याच ठिकाणी. त्यांना नांगर सापडला नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा मार्कर, म्हणजे दोरीला बांधलेला फुगा, वर सोडला होता. नवऱ्याला बोटीत ओढून घेताना मी विचारलं, "बाकीच्या दोघी?"

"आम्हाला वाटलं त्या आधीच वर आल्या."

चाळीस मिनिटं झाली. पंचेचाळीस झाली. बाई घड्याळाकडे पाहायच्या आणि घड्याळ बाहीखाली ढकलायच्या, मला दिसू नये म्हणून. मी पाण्याचा एकेक तुकडा पाहत होतो, वाचताना ओळीवर बोट ठेवून पुढे जावं तसा. मनात बायकोला करायचा फोन तयार होत होता. पहिलं वाक्य कोणतं, हे मी खरोखर ठरवत होतो. त्याची मला अजून लाज वाटते.

एकोणपन्नासाव्या मिनिटाला नारिंगी फुग्याशेजारी एक काळं डोकं वर आलं. मग दुसरं. मुलीने एका हाताने फुगा धरला होता आणि दुसऱ्या हाताने डोक्यावर मोठा गोल करून ओकेची खूण करत होती. मी खाली बसलो. 

बोटीत आल्यावर तिने मास्क काढला. ती घाबरलेली असेल असं मला वाटलं होतं. ती संतापलेली होती.

"बाबा, माझा बोट कुठे गेला होता?" चिडली की तिच्या मराठीतली लिंगं सगळी घसरतात. "आम्ही अँकरजवळ परत आले, तर अँकर नाहीच! तिथे फक्त एक लाँग खड्डा. कुणीतरी प्लाऊ केला तसा. आम्ही त्याच्या मागे मागे गेले. आणि सगळं तोडला त्याने. ते सी फॅन, तुला फोटो दाखवला होता ना, पिंक? ते सगळे पडलेले. सेव्हन, एट. मी मोजले."

"तू मोजत बसलीस? खाली? हवा किती उरली होती?"

"इनफ होती."

"किती?"

तिने नर्सकडे पाहिलं. नर्सने दुसरीकडे पाहिलं. 

ते गुलाबी पंखे म्हणजे झाडं नव्हेत, प्राणी असतात, हे तिने मला परतीच्या वाटेवर सांगितलं. जाळीच्या पंख्यासारखे खडकावर उभे राहतात आणि वर्षभरात जेमतेम नखभर वाढतात. आमच्या नांगराने जे मोडलं ते तिच्या जन्माच्या आधीपासून तिथे उभं असावं. एक तुकडा तिने हातमोज्यावर ठेवून पाहिला आणि परत ठेवला. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिच्या हवेच्या टाकीपलीकडे काही दिसत नव्हतं. एम-फोर हायवेवर आम्ही दोघं तासभर भांडलो. ती म्हणाली तुला फक्त माझी काळजी. मी म्हणालो, मग कुणाची असणार? तरी पिनर यायच्या आत आमचं एका गोष्टीवर एकमत झालं. तिथे बोया हवा.

क्लबने बंदराच्या कार्यालयाला पुन्हा अर्ज केला. या वेळी कागद मी लिहिले. शरद ऋतूत गावातल्या हॉलमध्ये बैठक ठेवली गेली. आम्ही आठ-दहा जण मेडनहेडहून गेलो होतो, बाकी सगळं गाव. मुलीने फोटो दाखवले. लोकांनी शांतपणे पाहिले. मग पुढच्या रांगेतला एक खेकडे पकडणारा कोळी उभा राहिला. साठीचा, रुंद खांद्यांचा.

"आज बोया," तो म्हणाला. "उद्या बोर्ड लागेल की इथे पिंजरे टाकायचे नाहीत. परवा मी कुठे जाऊ? तुम्ही वीकेंडला येता. मी रोज तिथे असतो."

मागून कुणी म्हणालं, बोया लावला की जागा सगळ्यांना कळेल, गर्दी वाढेल. आणखी कुणी विचारलं, झेपणार नाही एवढी मोठी बोट येऊन त्याला बांधली आणि तो उपटला, तर जबाबदार कोण? प्रश्न खोटे नव्हते. गर्दीचा तर माझ्याही यादीत होता.

मी बोलायचं ठरवलेलं नव्हतं. पण उभा राहिलो. मी त्यांना सांगितलं की मला पोहता येत नाही आणि समुद्राचं मला काही कळत नाही. मग त्या दिवशी बाईंचा हात किल्लीवर कसा थांबला, ते सांगितलं. "त्यांची तीस वर्षांहून जास्त समुद्रावर गेलीयत. त्यांच्यापेक्षा हुशार माणूस तिथे असता तरी त्याचाही हात थांबला असता. कारण नांगर टाकला की खालच्यांचा रस्ता आणि वरच्यांचा आधार एकाच दोरीवर असतो, आणि ती दोरी कशाला अडकली आहे हे कुणालाच दिसत नाही. तळाला पक्का बसवलेला बोया असला, तर निदान तेवढं आधी माहीत असतं." आणि मग, का कोण जाणे, जे घरीही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "नांगर सरकतोय हे मला दिसलं होतं. मी दोन मिनिटं बोललो नाही. मला वाटलं लोक हसतील."

 मी खाली बसलो. मुलगी माझ्याकडे वळून पाहत होती. तिने हे पहिल्यांदा ऐकलं होतं.

"दोन मिनिटं?" ती हळूच मराठीत म्हणाली.

"हो."

 बैठक संपेपर्यंत तिने माझ्या कोटाची बाही धरून ठेवली होती.

तो कोळी शेवटपर्यंत आमच्या बाजूने बोलला नाही. चहाच्या वेळी मात्र माझ्याजवळ आला आणि खिशातून पेन काढून कागदी रुमालावर एक रेघ ओढली. "माझे पिंजरे इथून इथे असतात. तुमचा बोया इथे लावलात तर माझे दोर गुंततील. इथे, पूर्वेच्या टोकाला लावलात तर नाही. मी हो म्हणत नाहीये. फक्त सांगतोय." तो रुमाल मी अर्जाला जोडला.

त्यानंतर वर्षभर काही झालं नाही. पत्रं गेली, पत्रं आली, एकदा आमचा सगळा अर्जच चुकून दुसऱ्या विभागात जाऊन बसला. दरम्यान मुलगी डायव्हिंग करतच होती, आणि प्रत्येक वेळी नांगर टाकताना मी बोटीत असो वा पिनरच्या सोफ्यावर, घड्याळावर चाळीस मिनिटं मोजत बसायचो. शेवटी एका हंगामापुरती परवानगी मिळाली, पूर्वेच्या टोकाला. साखळी तळावर घासत फिरू नये म्हणून लवचीक दोराचा बोया, तळात स्क्रूसारखा पिळून बसवलेला. पिवळा, त्यावर केवढी बोट बांधायची ते लिहिलेलं.

पहिल्यांदा त्याला दोर अडकवला तेव्हा हुक माझ्याच हातात होता. बोट थांबली. मुलगी खाली गेली. मी सवयीने मनोरा आणि घर पाहत राहिलो. दोन्ही जागच्या जागी होती. बाईंनी चहा दिला आणि मी तो प्यायलो, गरम असताना. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही काळजी सोडली?" नाही. पण आता ती काळजी फक्त समुद्राची होती, आमच्या स्वतःच्या लोखंडाची नव्हती.

गर्दी वाढली, ते मागच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले होते तशीच. एका सकाळी आमच्या आधीच एक शिडाची बोट बोयाला बांधून मंडळी डेकवर नाश्ता करत बसली होती. वाट पाहून आम्ही दुसरीकडे गेलो. परवानगी तरीही आणखी एका हंगामासाठी वाढली.

आणि मग एक गोष्ट, जी मी माझ्या इतक्या याद्यांमध्ये कधी लिहिलीच नव्हती. बोया हिवाळ्याच्या वादळांतून जातो, म्हणून वसंतात कुणीतरी खाली जाऊन त्याचे जोड तपासावे लागतात. "मी करते," माझी मुलगी क्लबमध्ये म्हणाली. मार्चमधलं पाणी हात सुन्न करणारं. नर्सही तिच्याबरोबर खाली गेली. मी बोटीत होतो, त्या दिवशी नांगरावर, कारण जो तपासायचा त्यालाच कसं बांधणार? पस्तीस मिनिटं मी मनोऱ्यावरून नजर हलवली नाही. ती वर आली ती हातात बोयाच्या जोडातली एक लोखंडी कडी घेऊन. मूळच्या जाडीची निम्मीच उरलेली, आतून चाकूसारखी झिजलेली.

"नवीन लावली," ती कुडकुडत म्हणाली. "चांगलं झालं ना, पाहिलं ते?"

मी कडी उलटी-सुलटी करून पाहिली. अजून एक हिवाळा तिने काढला असता की नाही, मला सांगता येत नव्हतं. घरी येऊन मी बंदराच्या कार्यालयाला लिहिलं, की तपासणी वर्षातून एकदा नको, दोनदा हवी, एकदा हंगामाच्या आधी आणि एकदा नंतर. कडीचा फोटो जोडला. चार दिवसांनी उत्तर आलं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. मी लगेच विचारलं, नोंद म्हणजे नक्की काय. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.